इतर देशांतलं बालशिक्षण समजून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडी चालवणारे, तिथे शिकवणारे, बालशिक्षणाचे विद्यार्थी आणि लहान मुलं घेऊन परदेशी राहायला जाणारे पालक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. नियम बदलत असतात. म्हणून एखादा आकडा कधीचा हे जिथे महत्त्वाचं आहे तिथे वर्ष दिलं आहे.

सुरुवात कुठल्या देशापासून करावी?

एकाच देशापासून करा, आणि तो फिनलंड नको. फिनलंडबद्दल इतकं गोडगोड लिहिलं गेलं आहे की त्यातलं खरं काय ते निवडण्यातच महिना जातो. पहिल्या अभ्यासाला न्यूझीलंड किंवा नॉर्वे बरे. दोन्ही देशांचे राष्ट्रीय आराखडे इंग्रजीत मिळतात. न्यूझीलंडमध्ये एकेका केंद्राचे तपासणी अहवाल कुणालाही वाचता येतात. नॉर्वेत 'बार्नेहागेफाक्टा' नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे. तिथे प्रत्येक बालवाडीत एका मोठ्या माणसामागे मुलं किती आणि शिकलेले कर्मचारी किती हे दिसतं.

पहिला देश नीट कळला की दुसरा मुद्दाम वेगळ्या वळणाचा घ्या, जपान किंवा फ्रान्स. दुसऱ्या देशाशिवाय पहिल्यातलं काय विशेष आहे ते लक्षातच येत नाही.

प्रत्येक देशासाठी एकाच पानावर सहा गोष्टी लिहून काढा: मूल कोणत्या वयात येतं आणि शाळेत कधी जातं, कारभार कोणत्या मंत्रालयाकडे आहे, दिवसाचे आणि वर्षाचे तास, एका मोठ्या माणसामागे मुलं किती, शिकवणाऱ्याची पात्रता काय, आणि पैसे कोण भरतं. हे सहा रकाने भरले नसतील तोवर 'त्यांच्याकडे खेळातून शिकवतात' या वाक्याला काही अर्थ नाही. खेळातून शिकवतो असं प्रत्येक देश म्हणतो.

'किंडरगार्टन' म्हणजे नक्की कोणता वर्ग?

देशागणिक वेगळा. सगळ्यात जास्त गोंधळ याच शब्दाने होतो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथल्या आपल्या संस्थेला हे नाव दिलं. पुढे ते जगभर गेलं आणि जाईल तिथे अर्थ बदलत गेलं.

जर्मनीत ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि शाळेचा भाग नाही. अमेरिकेत ते पाच वर्षांच्या मुलांचं वर्ष आहे, बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळेच्या इमारतीतच भरतं. ऑस्ट्रेलियाची गंमत तर एकाच देशातली आहे: व्हिक्टोरिया राज्यात किंडरगार्टन शाळेच्या आधी येतं, आणि शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये शाळेच्या पहिल्या वर्षालाच किंडरगार्टन म्हणतात. नॉर्वेतल्या 'बार्नेहागे'चं भाषांतर किंडरगार्टन असं होतं, पण तिथे एक वर्षाचं मूलही असतं. स्वीडनची 'फ्योरस्कूला' इंग्रजीत प्रीस्कूल होते, तीही एक वर्षापासूनची.

उपाय सोपा आहे. टिपणात मूळ शब्दच ठेवा आणि प्रत्येक वेळी पुढे वय लिहा. जपानच्या बालवाडीबद्दल 'योचिएन, ३ ते ५' असं लिहिलं की घोळ होत नाही.

वयाची तुलना कशी करायची?

सक्तीचं शिक्षण कधी सुरू होतं ते आधी पाहा. फ्रान्सने सप्टेंबर २०१९ पासून तीन वर्षांपासून शिक्षण सक्तीचं केलं. हंगेरीत 'ओवोदा' म्हणजे बालवाडी २०१५ पासून तीन वर्षांच्या मुलांना सक्तीची आहे. उत्तर आयर्लंडमध्ये मुलं चार वर्षांची झाल्यावर शाळेत जातात. इंग्लंडमध्ये कायद्याने पाचवा वाढदिवस झाल्यानंतरच्या सत्रापासून सक्ती असते, पण प्रत्यक्षात जवळपास सगळी मुलं चार वर्षांची असतानाच 'रिसेप्शन' वर्गात बसतात. स्वीडनमध्ये सहाव्या वर्षीचा तयारीवर्ग २०१८ पासून सक्तीचा आहे. फिनलंड आणि एस्टोनियात शाळा सातव्या वर्षी.

मग वर्षाची सीमारेषा पाहा. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे जन्माचं कॅलेंडर वर्ष धरतात. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट अशी तुकडी असते, त्यामुळे ऑगस्टअखेर जन्मलेलं मूल जेमतेम चार वर्षांचं असताना वर्गात येतं आणि शेजारी जवळजवळ पाच वर्षांचं मूल असतं. या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा! जपानमध्ये तुकडी २ एप्रिल ते १ एप्रिल अशी असते, कारण तिथल्या कायद्यात वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पूर्ण होतं. न्यूझीलंडमध्ये बहुतेक मुलं आपापल्या पाचव्या वाढदिवसाच्या सुमारास एकेकटी शाळेत दाखल होतात, सक्ती मात्र सहाव्या वर्षापासून.

दक्षिण कोरियाबद्दलची जुनी माहिती वाचताना आणखी एक काळजी घ्या. जन्मताच एक वर्ष धरून मोजायची पद्धत तिथे रूढ होती. जून २०२३ पासून कायदा आणि सरकारी कारभारात आंतरराष्ट्रीय पद्धत पक्की झाली. जुन्या लेखातलं 'पाच वर्षांचं मूल' चार किंवा त्याहूनही लहान असू शकतं.

फिनलंडमध्ये सातव्या वर्षापर्यंत मुलांना काही शिकवतच नाहीत, हे खरं का?

नाही. सहाव्या वर्षी 'एसिओपेतुस' हा पूर्वप्राथमिक टप्पा असतो. तो २०१५ पासून सक्तीचा आहे आणि वर्षाला किमान ७०० तासांचा आहे. त्याआधी 'पाइवाकोती'मध्ये, म्हणजे बालवाडीत, प्रशिक्षित शिक्षक, राष्ट्रीय आराखडा आणि प्रत्येक मुलाची स्वतंत्र योजना असते. अक्षरं, ध्वनी, मोजणी हे सगळं रोजच्या दिवसात येतं. फक्त वही पुढ्यात ठेवून, सगळ्यांना एकाच वेळी एकच धडा, असं होत नाही.

उशिरा शाळा म्हणून फिनलंडचे निकाल चांगले, असंही सरसकट म्हणू नका. पंधरा वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीने या देशाला नाव मिळालं, आणि त्याच चाचणीत २००६ नंतर त्यांचे गुण घसरत गेले. शाळेत जायचं वय मात्र तेच राहिलं. फिन्निश भाषेत अक्षर आणि उच्चार यांची जोडी जवळजवळ एकास एक असल्याने वाचन लवकर जमतं. इंग्रजीत तसं नाही. ही गोष्ट प्रशंसापर लेखांतून सहसा गळून पडते.

कारभार कोणत्या मंत्रालयाकडे आहे, याने काय फरक पडतो?

मोठा फरक पडतो. सांभाळ एका खात्याकडे आणि शिक्षण दुसऱ्या खात्याकडे असेल तर एकाच वयाच्या मुलांसाठी दोन तऱ्हेच्या जागा, दोन पगार, दोन प्रशिक्षणं आणि दोन तपासण्या तयार होतात.

जपान हे याचं ठळक उदाहरण. 'योचिएन' शिक्षण मंत्रालयाकडे, तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, दिवसाला साधारण चार तास, वर्षात किमान ३९ आठवडे. 'होइकुएन' कामावर जाणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी, जन्मानंतरच्या महिन्यांपासून, दिवसाला आठ तास धरून. ते आरोग्य आणि कामगार मंत्रालयाकडे होतं, एप्रिल २०२३ पासून मुलं आणि कुटुंब यांसाठीच्या नव्या संस्थेकडे गेलं. दोन्ही एकत्र आणणारं 'कोदोमोएन' २००६ पासून आहे. म्हणून 'जपानमध्ये बालवाडी चार तासांची असते' हे वाक्य काही मुलांबद्दलच बोलतं.

न्यूझीलंडने सगळा सांभाळ १९८६ मध्येच शिक्षण खात्याकडे आणला, स्वीडनने १९९६ मध्ये, फिनलंडने २०१३ मध्ये. दक्षिण कोरियात 'ओरिनिजिप' ही पाळणाघरं जून २०२४ मध्ये शिक्षण मंत्रालयाकडे आली. जर्मनीत कारभार राज्यांकडे आहे, त्यामुळे 'जर्मनीत' असं वाक्य सुरू करण्याआधी कोणतं राज्य ते विचारा. ब्रिटनचंही तेच: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापले परवाने देतं, आणि १९६५ पासूनचा 'हेड स्टार्ट' हा गरीब कुटुंबांसाठीचा केंद्र सरकारचा कार्यक्रम त्याला समांतर चालतो.

एका शिक्षकामागे किती मुलं, हा आकडा कसा वाचायचा?

आधी कायद्यातले काही आकडे पाहू. फिनलंड: तीन वर्षांखालील चार मुलांमागे एक, त्यावरच्या सात मुलांमागे एक (२०२० पूर्वी हे आठ होतं). नॉर्वे: तीन आणि सहा. इंग्लंड: दोन वर्षांखाली तीन मुलांमागे एक, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक (सप्टेंबर २०२३ पूर्वी चार), तीन वर्षांवर आठ, आणि पदवीधर शिक्षक वर्गात असेल तर तेरा. जपानचं होइकुएन: शून्य वयाची तीन, एक-दोन वर्षांची सहा, तीन वर्षांची वीस आणि चार-पाच वर्षांची तीस, यातले शेवटचे दोन आकडे २०२४ मध्ये पंधरा आणि पंचवीस झाले.

आता खरी मेख. कागदावरचा आकडा आणि वर्गातला आकडा एकच नसतो. स्वतः गणित मांडून पाहा. एका गटात २१ मुलं आणि तीन कर्मचारी आहेत, म्हणजे सातास एक. बालवाडी सकाळी ७ ते संध्याकाळी ५ उघडी आहे. प्रत्येक कर्मचारी साडेसात तास कामावर, म्हणजे मिळून २२.५ तास. प्रत्येक मूल सरासरी ८ तास थांबतं, म्हणजे १६८ तास. भागाकार ७.४७ येतो. यातून प्रत्येक कर्मचाऱ्याचा एक तास विश्रांती आणि नियोजनाचा वजा केला तर उरतात १९.५ तास, आणि आकडा ८.६ वर जातो. एक जण आजारी पडला आणि बदली कुणी मिळालं नाही, तर १३ तासांत १६८, म्हणजे जवळजवळ तेरा मुलांमागे एक.

म्हणून प्रश्न असे विचारा: हा आकडा क्षणाक्षणाला पाळायचा आहे की दिवसाची सरासरी आहे? मुख्याध्यापक, स्वयंपाकी, विद्यार्थी-शिक्षक त्यात धरतात का? बदलीची सोय काय? आणि गटात एकूण मुलं किती? ४० मुलांच्या खोलीत आठ जण आणि १५ मुलांच्या खोलीत तीन जण, दोन्हीकडे पाचास एक. गोंगाट मात्र अगदी वेगळा.

जागेचाही नियम पाहून ठेवा. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील मुलामागे ३.५ चौरस मीटर, दोन वर्षांच्या मुलामागे २.५ आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलामागे २.३ चौरस मीटर खोलीतली जागा लागते.

जपानमध्ये इतकी मुलं असताना वर्ग चालतो कसा?

मोठा गट ही तिथे फक्त पैशाची काटकसर नाही. शिक्षिका सतत मध्ये असली तर मुलं एकमेकांकडे वळतच नाहीत, असा एक विचार त्यामागे आहे. 'मिमामोरु' म्हणजे लक्ष ठेवून थांबणं. दोन मुलं बाहुलीवरून ओढाताण करत असतील तर शिक्षिका पाहते, जवळ सरकते, आणि तिसरं एखादं मूल समजूत घालायला येतंय का याची वाट बघते. इजा होईल असं दिसलं तर हात घालते. पाहुण्याला हे दुर्लक्ष वाटतं. तिची नजर कुठे आहे ते पाहा, म्हणजे फरक कळेल.

जोडीला 'तोबान' असतो: रोज पाळीपाळीने काही मुलं जेवण वाढणं, हजेरी सांगणं, सगळ्यांना गोळा करणं ही कामं करतात. हे सोडून नुसतं 'भांडणात पडू नका' एवढंच उचललं तर वर्गात दांडगट मुलांचं राज्य होतं, कारण थांबण्यामागची सगळी रोजची तयारी मागेच राहिलेली असते.

शिकवणाऱ्यांची पात्रता कशी तपासावी?

'शिक्षक' या शब्दावर जाऊ नका, वर्षं मोजा. स्वीडनमध्ये बालवाडी शिक्षकाची पदवी साडेतीन वर्षांची. फिनलंडमध्ये तीन वर्षांची पदवी, पण गटातले सगळेच पदवीधर नसतात. सोबत व्यावसायिक शिक्षण घेतलेले बालसंगोपक असतात. फ्रान्सच्या 'एकोल मातेर्नेल'मध्ये प्राथमिक शिक्षकाचीच पात्रता लागते आणि 'आतसेम' नावाची मदतनीस जोडीला असते. इटलीत तीन ते सहा वर्षांच्या शाळेसाठी पाच वर्षांची विद्यापीठीय पदवी लागते. जर्मनीतला 'एर्त्सीयर', म्हणजे बालवाडीत शिकवणारा, विद्यापीठातून येत नाही, व्यावसायिक शाळेतून येतो, आणि त्याचं प्रत्यक्ष कामाचं शिक्षण भक्कम असतं. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या 'सीडीए' या बालसंगोपनाच्या प्रमाणपत्राला १२० तासांचं प्रशिक्षण आणि ४८० तासांचा अनुभव पुरतो.

गटातल्या किती जणांकडे वरची पात्रता आहे हा पुढचा प्रश्न. नॉर्वेत तीन वर्षांखालील सात मुलांमागे किंवा मोठ्या चौदा मुलांमागे एक शिक्षक पदवीधर हवा. बाकीचे मदतनीस चालतात.

अभ्यासक्रमाचा दस्तऐवज वाचायला घेतला, पण सगळे सारखेच वाटतात. काय शोधायचं?

क्रियापदं शोधा, आणि त्यांचा कर्ता कोण ते पाहा. नॉर्वेच्या २०१७ च्या आराखड्यात वाक्यं 'कर्मचाऱ्यांनी हे करावं' अशी आहेत; जबाबदारी मोठ्यांवर. स्वीडनच्या आराखड्यात (पहिला १९९८ चा, सध्याचा २०१९ पासून लागू) बालवाडीने मुलाला कशाची संधी द्यावी ते लिहिलंय, आणि मूल अमुक पातळीला पोचलं का याचं मोजमाप करायचं नाही. इंग्लंडच्या चौकटीत शिकण्याची सात क्षेत्रं आणि १७ उद्दिष्टं आहेत, आणि रिसेप्शन वर्ष संपताना शिक्षक प्रत्येक मुलाबद्दल ते गाठलं की नाही ते नोंदवतो. तिन्हीकडे 'खेळ' हा शब्द भरपूर आहे. पण वर्षाअखेर कुणाला जाब द्यावा लागतो, ते या कर्त्यावरून कळतं.

न्यूझीलंडचा 'ते फारिकी' (१९९६, सुधारित २०१७) सावकाश वाचण्यासारखा आहे. नावाचा अर्थ विणलेली चटई. चार तत्त्वं आणि पाच धागे देऊन तो थांबतो: स्वास्थ्य, आपलेपणा, योगदान, संवाद आणि शोध. विणायचं काम ज्या त्या केंद्राने करायचं. माओरी शब्द त्यात शोभेसाठी नाहीत. १९८२ पासून सुरू झालेल्या 'कोहांगा रेओ' या माओरी भाषेच्या बालकेंद्रांची चळवळ त्यामागे आहे. तिथली नोंदीची पद्धत 'शिकण्याच्या गोष्टी' म्हणून ओळखली जाते. तिचे तीन भाग: काय घडलं, त्यात कोणतं शिकणं दिसलं, पुढे काय करता येईल. होतं असं की बरेच जण पहिलाच भाग लिहितात, चार फोटो लावतात आणि थांबतात. मग ती नोंद न राहता आठवणींची वही होते.

दस्तऐवज म्हणजे वर्ग नव्हे, हे चीनकडे पाहून चांगलं कळतं. प्राथमिक शाळेचा अभ्यास बालवाडीत शिकवू नये असं तिथे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, तरी पालकांच्या दबावाने तो चालूच राहिला. १ जून २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यात ही मनाई घालावी लागली.

रेज्जो एमिलिया, माँटेसरी, जंगलशाळा या त्या-त्या देशांच्या पद्धती आहेत का?

नाहीत. माँटेसरी इटलीत सुरू झाली (रोममधलं पहिलं बालघर, ६ जानेवारी १९०७), पण इटलीतल्या बहुतेक मुलांच्या शाळा माँटेसरी नाहीत. शिवाय हे नाव कुणीही पाटीवर लावू शकतं. अमेरिकेत १९६७ मध्ये ट्रेडमार्कच्या वादात ते सर्वसाधारण नाव ठरलं. शाळा पाहताना तीन गोष्टी विचारा: तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र आहेत का, सलग तीन तासांचा कामाचा वेळ मिळतो का, आणि शिक्षिकेचं प्रशिक्षण कुठल्या संस्थेचं किती महिन्यांचं आहे. तीन तासांचे चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडे केलेले असतील तर साहित्य कितीही महागडं असो, पद्धत उरत नाही.

रेज्जो एमिलिया हे तर इटलीतल्या एका शहराचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये जवळच्या व्हिला चेल्ला गावच्या लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून शाळा उभारायला घेतली. लोरिस मालागुत्सी तिथे आले ते पुढे या कामाचे सूत्रधार झाले. नगरपालिकेची पहिली बालशाळा १९६३ ची. आज लोक तिथल्या प्रकाशमेजाचे (खालून उजेड येणाऱ्या काचेच्या मेजाचे) फोटो घेऊन परततात. त्या खोलीमागचा खर्च फोटोत दिसत नाही: प्रत्येक गटाला दोन बरोबरीचे शिक्षक, कलेचं शिक्षण घेतलेली 'आतेलिएरिस्ता', अनेक शाळांना मिळून एक शैक्षणिक समन्वयक, आणि मुलांच्या नोंदींवर एकत्र बसून बोलायला पगारी तास. हे शेवटचं नसेल तर मेज हे फर्निचरच राहतं.

जंगलबालवाड्या डेन्मार्क आणि जर्मनीत बऱ्याच आहेत, तरी बहुसंख्य मुलं तिथेही साध्या बालवाडीतच जातात.

थंडीत मुलांना बाहेर कसं ठेवतात?

कपड्यांनी आणि वेळापत्रकाने. आत लोकरीचा थर, मध्ये उबदार थर, वर पाणी न शिरणारा एकसंध पोशाख. शिवाय बदलीचा पूर्ण जोड बालवाडीत ठेवलेला. दाराजवळची कपडे बदलायची खोली ऐसपैस असते आणि ओले कपडे सुकवणारी गरम हवेची कपाटं असतात. लहान मुलांचा गट बाहेर पडायला सहज अर्धा तास लागतो. तो वेळ वाया गेला असं तिथे धरत नाहीत. चेन लावणं, मोजा कुठला कुठे ते ओळखणं, हाच त्या अर्ध्या तासाचा धडा. नॉर्डिक देशांत तान्ही मुलं बाबागाडीत बाहेर झोपवायची रीतही आहे. ती पालकांच्या घरूनच आलेली असते, बालवाडीने शिकवलेली नसते.

नवं मूल रुळवण्याची जर्मन पद्धत नेमकी काय आहे?

बर्लिनमध्ये १९८०च्या दशकात तयार झालेला क्रम बराच वापरला जातो. तो असा.

पहिले तीन दिवस आई, बाबा किंवा घरचं एकच माणूस मुलासोबत साधारण तासभर येतं आणि दोघं एकत्रच घरी जातात. त्या माणसाने खोलीच्या कडेला शांत बसायचं. मूल आलं तर जवळ घ्यायचं, नाही आलं तर ढकलायचं नाही. या दिवसांत वेगळं करायचा प्रयत्न अजिबात नाही. रुळवणारी शिक्षिका एकच असते, ती खेळातून हळूहळू जवळ येते.

चौथ्या दिवशी पहिली परीक्षा. पालक स्पष्ट निरोप घेऊन खोलीबाहेर जातात, पण इमारतीतच थांबतात. मूल सावरलं किंवा शिक्षिकेने समजावल्यावर शांत झालं तर हा वेळ जास्तीत जास्त अर्धा तास. रडू आवरतच नसेल तर दोन-तीन मिनिटांत परत बोलवायचं. चौथा दिवस सोमवार असेल तर परीक्षा मंगळवारी, कारण सुट्टीनंतर मूल पुन्हा घराच्या लयीत गेलेलं असतं. पहिल्या प्रयत्नात सावरलेल्या मुलाला साधारण सहा दिवस पुरतात, इतरांना दोन ते तीन आठवडे.

झालं हे कशावरून ओळखायचं? रडणं थांबलं यावरून नाही. रडताना मूल शिक्षिकेकडून समजूत काढून घेतं का, त्यावरून.

बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. पालक गुपचूप सटकतात, आणि मग मूल सतत दारावर नजर ठेवतं. रोज वेगळं माणूस सोडायला येतं. शिक्षिका आजारी पडते आणि दुसरी तिची जागा घेते. अशा वेळी मागच्या टप्प्यावर येणंच शहाणपणाचं. किंवा पालकांची रजा एका आठवड्याची असते आणि मुलाला तीन लागतात. जर्मनीत जाणाऱ्यांनी नोकरीवर रुजू होण्याची तारीख यानुसार ठरवावी.

सगळीकडे फुकट असतं का?

'फुकट' म्हणजे किती तास आणि कोणत्या वयाला, हे विचारा. जपानने ऑक्टोबर २०१९ पासून तीन ते पाच वर्षांच्या मुलांचं शुल्क माफ केलं, योचिएनसाठी महिना २५,७०० येनपर्यंत. जेवण आणि बसचे पैसे वेगळे. स्कॉटलंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना वर्षाला १,१४० तास मिळतात. स्वीडनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या शरदापासून वर्षाला ५२५ तास विनाशुल्क. त्यापुढे पहिल्या मुलाला घरच्या उत्पन्नाच्या तीन टक्के, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, आणि त्यालाही वरची मर्यादा. डेन्मार्कमध्ये पालकांचा वाटा जास्तीत जास्त एक चतुर्थांश. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्षावरच्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. पण हक्क असणं आणि जवळच्या बालवाडीत जागा मिळणं यात अंतर असतं.

बाळंतपणाची रजाही इथेच पाहायला हवी. स्वीडनमध्ये पालकांना मिळून ४८० दिवस मिळतात, म्हणून वर्षाखालची मुलं तिथल्या बालवाडीत जवळपास दिसतच नाहीत. अमेरिकेच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्यात १२ आठवड्यांची बिनपगारी रजा आहे, तीही सगळ्यांना नाही. म्हणून तिथे दोन-तीन महिन्यांची बाळं पाळणाघरात असतात.

बालवाडीचा फायदा संशोधनाने सिद्ध झाला आहे ना?

कुठल्या बालवाडीचा, ते सांगा. नेहमी पुढे केला जाणारा पेरी प्रकल्प १९६२ ते १९६७ मध्ये अमेरिकेतल्या इप्सिलांटी गावात झाला. एकूण १२३ मुलं, त्यातली ५८ बालवाडीत. पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक, रोज सकाळी अडीच तास, आणि दर आठवड्याला दीड तासाची घरभेट. मुलं चाळिशीची होईपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा बालवाडीत गेलेल्यांची कमाई जास्त आणि अटका कमी आढळल्या. गंमत म्हणजे बुद्ध्यांकात सुरुवातीला दिसलेला फायदा काही वर्षांतच विरला होता.

याउलट टेनेसी राज्याच्या बालवाडीचा अभ्यास पाहा. अर्ज जास्त आल्याने सोडतीने प्रवेश दिलेल्या सुमारे तीन हजार मुलांचे सहावीतले निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवेश मिळालेली मुलं परीक्षेत थोडी मागे होती आणि शिस्तीच्या तक्रारीही जास्त. कॅनडातल्या क्विबेक प्रांताने १९९७ पासून दिवसाला पाच डॉलरचं पाळणाघर दिलं. आया मोठ्या संख्येने नोकरीवर गेल्या, पण काही अभ्यासांत मुलांमधली आक्रमकता आणि चिंता वाढलेली दिसली. जागा झपाट्याने वाढल्या, दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही.

तिन्ही अभ्यास खरे आहेत. 'एक डॉलर गुंतवा, इतके परत' असं कुणी सांगितलं तर पेरीतल्या घरभेटी त्यांच्या अंदाजपत्रकात आहेत का ते पाहा.

आकडेवारी वापरताना कुठे चूक होते?

शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात शून्य पातळीचे, म्हणजे शाळेआधीच्या शिक्षणाचे, दोन भाग आहेत: तीन वर्षांखालचा आणि तीन ते शाळाप्रवेश. दिवसाला किमान दोन तास आणि वर्षाला १०० दिवस नसलेला कार्यक्रम त्यात धरत नाहीत. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना दोन्ही एकाच भागाचे आहेत का ते आधी पाहा. 'शाळेच्या आदल्या वर्षीचा सहभाग' हा आकडा फिनलंडमध्ये सहा वर्षांच्या मुलांचा आणि ब्रिटनमध्ये चार वर्षांच्या मुलांचा असतो. स्थूल नोंदणी दर (एकूण नोंदणीचं त्या वयाच्या मुलांशी प्रमाण) १०० टक्क्यांवर जाऊ शकतो, कारण त्यात वयाबाहेरची मुलंही येतात. आणि नोंदणी म्हणजे हजेरी नव्हे.

भाषा येत नसेल तर?

मूळ भाषेतली दहा-बारा नेमकी संज्ञा गोळा करा आणि त्या लिपीतच शोध घ्या. इंग्रजीत शोधलं की पाहुण्यांनी लिहिलेलं वर येतं. मूळ शब्दाने शोधलं की नगरपालिकेची पानं, शुल्काचे तक्ते, पालकांना पाठवलेली पत्रं मिळतात. एखाद्या बालवाडीचं आठवड्याचं वेळापत्रक आणि 'सोबत काय आणावं' ही यादी धोरणापेक्षा जास्त सांगून जाते. यंत्राने केलेलं भाषांतर अशा मजकुराला पुरतं. कायद्याला पुरत नाही: 'करावं' आणि 'करता येईल' यांची तिथे सर्रास अदलाबदल होते.

प्रत्यक्ष बालवाडी पाहायची संधी मिळाली तर कसं पाहावं?

आधी परवानगीचं बघा. काही दिवस थांबणार असाल किंवा मुलांबरोबर काम करणार असाल तर गुन्ह्यांची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र अनेक देशांत मागतात आणि ते मिळायला आठवडे लागतात. मुलांचे फोटो घ्यायचे नाहीत असंच धरून चला. खोलीचा रेखाटलेला नकाशा जास्त कामाला येतो.

किमान तीन तास एकाच खोलीत बसा. पाच शाळा अर्धा-अर्धा तास पाहण्यापेक्षा हे बरं, कारण पहिला अर्धा तास सगळेच पाहुण्याचं भान ठेवून वागतात. बघायचं काय? एका मुलाला सलग किती मिनिटं न अडवता खेळता आलं. हात धुणं, रांग, कपडे बदलणं यात वाट पाहण्यात किती वेळ गेला. शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नांत उत्तर आधीच ठरलेले किती. रडणाऱ्या मुलाजवळ कोण गेलं, किती वेळाने. साहित्य मुलाच्या हाताला लागतं की मोठ्यांना मागावं लागतं. दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहून एक ओळ लिहा, मत रकान्याबाहेर.

वर्गमापनाच्या तयार श्रेणी आहेत, उदाहरणार्थ 'एकर्स' ही १९८० मध्ये अमेरिकेत बनलेली, एक ते सात गुणांची. ती वापरायला प्रशिक्षण लागतं. शिवाय ती एका ठिकाणच्या कल्पनांवर बेतलेली आहे: जपानमधल्या मोठ्या गटाला किंवा जंगलात भरणाऱ्या बालवाडीला तिचे बरेचसे रकाने लागूच होत नाहीत.

शेवटी शिक्षिकेबरोबर वीस मिनिटं मागून घ्या. 'तुमची पद्धत काय' असं विचारलं की पत्रकात छापलेलंच उत्तर मिळतं. 'आज सकाळी त्या दोघांचं भांडण झालं तेव्हा तुम्ही का थांबलात?' असं विचारा.

आवडलेली गोष्ट आपल्या वर्गात कशी आणावी?

एका वेळी एकच आणा, आणि आणण्याआधी ती तिथे कशाच्या आधाराने चालते ते लिहून काढा. समजा, सकाळचा सलग दोन तासांचा मुक्त खेळ आवडला. त्याचे आधार बहुतेक असे निघतील: मुलं ठरलेल्या वेळेत येऊन पोचतात, खेळाच्या जागा चार-पाच आहेत, अर्धवट राहिलेलं बांधकाम दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येतं, एक जण मुलांमध्ये असताना दुसरी नोंद करते, आणि पालकांना रोज कागद घरी न्यायची सवय नाही. यातले जे आधार तुमच्याकडे नाहीत ते आधी उभे करा, किंवा दोन तासांचे पन्नास मिनिटं करून सुरू करा.

पहिले दोन आठवडे गोंधळ होतो. मुलं एका जागेवरून दुसरीकडे पळत राहतात, कारण वेळ काढून घेतला जाणार अशीच त्यांची सवय असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खेळ लांबायला लागतात. तोवर निकाल लावू नका. सहा आठवड्यांनी तेच निरीक्षण पुन्हा करा: तेच मूल, तोच वार, तीच वेळ. आणि नव्या गोष्टीला परदेशी नाव देऊ नका. नाव दिलं की पालक नावाबद्दल विचारतात, खेळाबद्दल विचारत नाहीत.